चौथी, अकरावी आणि थोडी सातवी

कोरड्या कपाटाच्या वरच्या खणात तांब्याच्या सहा चकत्या होत्या, प्रत्येकी दहा मिलिमीटर व्यासाची, आरशासारखी घासलेली. मधल्या खणात चांदीच्या तारेची दोन रिळं, चिमट्यांचा एक संच आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या चार पिशव्या. खालच्या खणात हातमोज्यांची तीन खोकी, आणि त्यांच्या मागे स्टीलची एक डबी. डबी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. ती तिथे आहे हे आम्हाला आठवडाभर माहीतही नव्हतं.

हे कपाट सोलापूरच्या बाहेर, बार्शी रस्त्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेत आहे. मी तिथे एम.एस्सी. झाल्या झाल्या लागले. तांबोळी मॅडम आमच्या प्रमुख. आमचं काम एका वाक्यात सांगता येतं: तांब्याच्या स्फटिकावर चांदीचे थर सपाट चढवायचे. सांगायला एवढंच. जमत मात्र नव्हतं.

स्फटिकाच्या पृष्ठभागावर तांब्याचे अणू ठरावीक अंतरावर ओळीने बसलेले असतात. निर्वात पेटीत चांदी तापवली की तिचे अणू सुटे होऊन येतात आणि त्या ओळींवर जागा शोधतात. पण चांदीचा अणू अंगाने मोठा. तांब्याच्या नऊ अणूंच्या जागेत चांदीचे आठच मावतात. पहिला थर तरीही दाटीवाटीने बसतो. खरी अडचण त्यानंतर. चांदीचं एखादं बेट तयार झालं आणि नवा अणू त्याच्या माथ्यावर पडला, तर त्याने सरकत कडेपर्यंत जावं, खाली उतरावं आणि रिकामी जागा भरावी, अशी आपली अपेक्षा. पण कडेवरून उतरताना क्षणभर त्याला धरायला शेजारी कमी पडतात. तो तिथून मागे फिरतो. असे पुष्कळ अणू मागे फिरले की बेटावर दुसरं बेट उभं राहतं, त्यावर तिसरं. थर हवा होता, मिळतात टेकड्या.

सपाट थराचा हट्ट एवढ्यासाठी, की इतक्या पातळ चांदीत इलेक्ट्रॉन मोकळे हिंडत नाहीत. वरची मोकळी बाजू आणि खालचं तांबं यांच्यामध्ये ते लाटेसारखे अडकतात, सतारीची तार दोन टोकांत अडकते तसे. एक थर वाढला की तार तेवढी लांबते आणि सूर बदलतो. पाच थरांची चांदी आणि सहा थरांची चांदी हे जवळजवळ दोन वेगळे धातू. त्यांच्यावर चिकटणारे रेणूही वेगळे. मॅडमना एका चकतीवर चौदा पायऱ्यांचा जिना हवा होता, प्रत्येक पायरी मागचीपेक्षा एका थराने उंच. हवेत जे काही असेल ते या चौदा पायऱ्यांवर चौदा प्रकारे बसेल आणि प्रत्येक पायरीतून वाहणारी वीज तेवढी बदलेल. थोडक्यात, नाक.

थर मोजायला आम्ही पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा तिरका झोत सोडतो. थर पूर्ण भरलेला असला की परतणारा झोत प्रखर असतो, अर्धवट असला की मंद. पडद्यावर लाट उमटते. एक शिखर, एक थर. दोन वर्षं आमची लाट तिसऱ्या शिखरानंतर विझत आली होती.

त्या गुरुवारी चौथं शिखर आलं.

"झोत बघ, मृण्मयी. काहीतरी सैल झालंय," मॅडम म्हणाल्या.

झोत जागेवर होता. पाचवं आलं. सहाव्याला मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. नवव्याला त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या आणि खुर्चीची पाठ गच्च धरून हलवत होत्या, त्यामुळे मला आकडे नीट दिसत नव्हते. चौदा झाल्यावर मी चांदीची झडप बंद केली.

"जमलं," मी म्हणाले.

"काय केल्यामुळे जमलं?"

"माहीत नाही."

"मग जमलं म्हणू नकोस. झालं म्हण."

आम्ही पृष्ठभागाची रासायनिक तपासणी केली. चांदी होती, आणि गंधक होतं. गंधकाचे अणू सगळ्यात वर होते. चांदीचे चौदा थर त्यांच्या खाली चढले आणि ते प्रत्येक वेळी, दुधावर साय यावी तसे, वर तरंगत राहिले. कडेवर अडणाऱ्या चांदीच्या अणूला त्यांनी उतरायला वाट दिली होती. चकती पेटीत घातल्यावर आम्ही ती आर्गॉनच्या माऱ्याने स्वच्छ करतो, पण आत मुरलेलं गंधक तापवल्यावर पुन्हा वर येतं. म्हणजे ते पेटीत शिरण्याआधीच चकतीत मुरलं होतं.

कुठून? आम्ही नळ्या तपासल्या, तेल तपासलं, रबरी कडी बदलून पाहिली. मी म्हणाले की गेले काही दिवस व्हरांड्यात कँटीनच्या सांबाराचा वास जरा जास्तच येतोय, त्यावर मॅडम म्हणाल्या, "विषय गंधकाचा चाललाय."

आणि तेवढ्यात इंदूआत्याचा फोन आला.

इंदूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बार्शीत तिचं मसाल्याचं कांडप आहे आणि येसर ही तिची खासियत. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे आणि बाकीचा मसाला वेगवेगळा भाजून दळायचा. आमच्याकडचं लग्न त्या येसराच्या आमटीशिवाय लागलं असं कोणी मानत नाही. संस्थेच्या वर्धापनदिनाला प्रयोगशाळा सगळ्यांना खुली असते, तेव्हा आत्या आणि दशरथमामा, म्हणजे तिचे यजमान, येऊन गेले होते.

"मृण्मये, माझी हिंगाची डबी तुज्या कपाटात ऱ्हायली बघ. ओल तर न्हाई ना लागली?"

"कुठल्या कपाटात?"

"त्या गं, वर आकडा दिसतोय ते. तूच म्हनलीस न्हवं, ह्यात ओल शिरतच न्हाई म्हनून. सोलापुरात घेतलेला हिंग, आन हवा ही अशी दमट. तुमी समदे च्या प्यायला निघालात तवा ठिवली. जाताना इसरले. पाव किलो हाय, साधा न्हाई."

मी कपाट उघडलं, मास्क खाली ओढला आणि खाली वाकले. सांबार नव्हतं; हिंग होता, आणि हिंगाचा वास म्हणजे गंधकाच्याच संयुगांची वाफ. डबीचं झाकण एका बाजूने उचललेलं होतं.

"आत्या, झाकण लागलेलंच नव्हतं गं."

"घट्ट लावलं हुतं की."

"रिक्षात वास आला नाही तुला? पाव किलो हिंग मांडीवर घेऊन बसलीस."

मग मागून मामांचा आवाज आला, "सांग की आता पोरीला. किती दिस लपिवशील?"

तीन वर्षांपूर्वीच्या तापात आत्याचं नाक गेलं होतं. काहीच येत नव्हतं, फोडणी नाही, फूल नाही, रॉकेल नाही. हे मामांशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. मसालेवालीला वास येत नाही ही गोष्ट बार्शीसारख्या गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली असती.

मी मॅडमना सगळं सांगितलं आणि बोलणी खायची तयारी करून उभी राहिले. त्यांनी डबी हातात घेतली, नाकाजवळ नेली, खोकल्या आणि विचारलं, "दुकान कुठलं?"

---

पुढच्या रविवारी मी बार्शीला गेले. कांडपाच्या मागे भाजणीची शेड आहे. आत्या मोठ्या कढईशी उभी होती आणि मामा स्टूलवर, कढईच्या धुरात. मामा एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते. डिझेलच्या शेवटच्या गाड्या भंगारात गेल्या त्याच वर्षी तेही निवृत्त झाले. बाहेर दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती.

मामा एकदा खोकले. आत्या उलथनं फिरवत राहिली. थोड्या वेळाने मामा दोनदा खोकले. आत्याने कढई उतरवली.

"एक म्हंजे अजून, दोन म्हंजे बास," मामा माझ्या कानाशी म्हणाले. "लोकास्नी वाटतंय दशरथला दमा झालाय. लई जन काढा पाठवत्यात."

"आन परवा खराच खोकला झाला ह्यास्नी," आत्या म्हणाली. "सर्दीनं. लागोपाट तीन खोकले. मी आपली कढई उतरिवते, चढिवते, उतरिवते. जगतापांच्या लग्नाचं धनं समदं करपलं."

"तिसरा खोकला माझा सोताचा हुता. त्येला काय अर्थ न्हवता."

"मग सांगायचं की."

"खोकता खोकता?"

दोघं हसायला लागली. पण जगतापांकडचं येसर परत आलं होतं, आणि आत्याने कोणाला न विचारता ठरवून टाकलं होतं: दिवाळीपर्यंत घेतलेली कामं पुरी करायची, मग कांडप बंद. "दुसऱ्याच्या नाकावर किती दिस चालवू?" ती म्हणाली. आईकडून आलेली भाजणी होती ती. हे बोलताना तिने हाताला लागलेलं पीठ बराच वेळ पदराला पुसलं.

मी तिला चौदा पायऱ्यांबद्दल सांगितलं.

"मला नगं," ती लगेच म्हणाली. "माजं नाक हाय की. साडेपाच फुटी. सोताच्या पायानं चालत येतंय."

मामा धण्यांकडे बघत होते. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "घे गं. माज्या सर्दीवर तुजं कांडप टांगायचं व्हय?"

---

हिंगाशेजारी ठेवलेल्या चकतीवर चौदा पायऱ्यांचा जिना चढवला आणि ती टिकलीएवढी कापली. जाळीदार डबीत बसवली, ती डबी आत्याच्या खांद्यावर, पदराच्या पिनेपाशी. दर मिनिटाला चकती किंचित तापते आणि आधीचा वास झटकून टाकते. चौदा पायऱ्यांचे संकेत तिच्या डाव्या हातावरच्या पट्टीत जातात, आणि पट्टीतल्या चौदा बारीक दांड्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडीवर टिचक्या मारतात. ज्या पायरीवर जास्त रेणू बसले, तिची टिचकी जोराची. मेंदूला टिचक्या कुठून आल्या याचं फारसं सोयरसुतक नसतं. पुरेसा सराव झाला की तो त्यांचा अर्थ लावतो. निदान मॅडमचं म्हणणं तसं होतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी आत्या म्हणाली, "हातावर मुंग्या चढल्यागत होतंय आन सुंठीच्या आन जिऱ्याच्या मुंग्या सारख्याच हायती."

"त्यासाठी प्रमाण लागेल," मी म्हणाले.

"ते काय असतं?"

"कोणतंही मोजमाप आधी कशाशी तरी जुळवून घ्यावं लागतं. शिक्का मारलेलं वजन असतं ना, तसं. कोणीतरी खरा वास घेऊन सांगायचं की हे जिरं, आणि त्याच वेळी तू हातावरची टिचकी लक्षात ठेवायची."

मामांनी मान वर केली. "म्हंजे मी सरकारी वजन?"

"हो."

"शिक्का कुटं मारनार?" आत्याने विचारलं.

मामा रोज सकाळी अंघोळ करून, केसांना तेल लावून, शेडमध्ये हजर होऊ लागले. ते डोळे मिटून पुडी हुंगत आणि नाव सांगत. आत्या डोळे मिटून हात पुढे करी. सुरुवातीला प्रमाणातच गडबड निघाली. तीस वर्षं डिझेल हुंगलेलं नाक ते. मामांना शहाजिरं आणि जिरं यांत फरक करता येत नव्हता, आणि गेली तीन वर्षं ते बेधडक अंदाजाने खोकत आले होते.

"आन मी तुमच्यावर इसंबून!"

"येसर तर खपलं न्हवं?"

मग मामाही शिकले. आत्या त्यांना लहानपणापासूनच्या आठवणीतून सांगे, की दगडफुलाचा वास बंद देवळात शिरल्यावर येतो तसा, की कच्चा धणा हिरवा लागतो आणि भाजलेला गोड. मामा हुंगत आणि म्हणत, "व्हय की." तिला ज्याचा वास येत नव्हता ते ती सांगत होती, आणि ज्याला वास येत होता तो ते पहिल्यांदा ओळखत होता. मी कोपऱ्यात बसून टॅबलेटवर आकडे उतरून घेत होते आणि माझी कोणालाच गरज नव्हती.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी आत्या कढईसमोर थांबली. मामा अजून खोकले नव्हते. तिने कढई उतरवली.

"अजून जरा," मामा म्हणाले.

"न्हाई. नववी धरली. झालं."

मामांनी एक धणा चावून पाहिला. मग दुसरा. "झालं," ते म्हणाले.

आत्या तिथेच पाटावर बसली आणि एकामागून एक डबा उघडून डावा हात कुरवाळत राहिली. वेलची. लवंग. खसखस. मग तिने आपल्या आईची जुनी मसाल्याची पेटी उघडली. ती बराच काळ रिकामी होती. "अजून येतंय गं," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्या दिवशी दुपारी तिने दिवाळीनंतरची दोन लग्नं घेतली.

---

नोव्हेंबरात आत्याचा फोन आला. "पट्टी बिगडली."

"वास कळत नाहीत?"

"कळत्यात. तरी बिगडलीय. तू ये."

मी विजेच्या एस.टी.ने निघाले आणि वाटेत सगळ्या शक्यता मनात मांडल्या: चांदी काळवंडली असेल, गंधकाची साय उडाली असेल, एखादी दांडी अडकली असेल. शेडमध्ये दोन मोठ्या कढया चढलेल्या होत्या, बाहेर बाक गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. मी चकती तपासली. चौदाही पायऱ्या ठीक. आत्याला डोळे मिटायला सांगून दहा पुड्या दिल्या. दहाही बरोबर.

"काहीच बिघडलेलं नाही गं."

"रोज सकाळी तीन टिचक्या यायच्या," ती म्हणाली. तिने हातावर बोट ठेवून जागा दाखवल्या. "चौथी, अकरावी, आन थोडी सातवी. एकदम. समद्या भाजनीभर यायच्या, मागं कुटं तरी. आता धा-बारा दिस झालं, येत न्हाईत. मोकळं मोकळं लागतंय."

मी टॅबलेटवर मागच्या नोंदी काढल्या. खरंच होत्या. ऑगस्टपासून रोज सकाळी चौथी, अकरावी आणि थोडी सातवी. माझ्या विश्लेषणात मी त्यांना पार्श्वभूमी समजून वजा केलं होतं. एका तारखेनंतर त्या थांबल्या होत्या.

मी शेडमध्ये नजर फिरवली. स्टूल भिंतीशी सरकवलेलं होतं आणि त्यावर वेलचीचं पोतं होतं.

"मामा कुठे आहेत?"

"चौकात, च्याच्या टपरीवर. मित्रमंडळी असती तितं." आत्याने कढई हलवली. "आता त्यास्नी हितं काय काम? म्हनले, शिक्का उठला आता, वजन कशाला?" मग जरा वेळाने, कढईकडे बघतच, "मी काय म्हननार? तीस वर्सं आगारात हुते. तीन वर्सं हितं बसले. तेवढीच मोकळीक."

मी टॅबलेट तिच्यासमोर धरला आणि ती तारीख दाखवली. तिने ती वाचली; मामांनी स्टूल सोडलं तीच तारीख होती. हातावर, त्या तीन जागांवर, पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"असं हाय व्हय," ती म्हणाली. तिने पोतं उचलून खाली ठेवलं. "जा. त्यास्नी सांग, पट्टी बिगडलीय, प्रमान लागतंय."

मामा टपरीच्या बाकावर एकटेच होते. मित्रमंडळी कुठे दिसली नाही.

"नवं प्रमान घ्या म्हनावं," ते म्हणाले. "ती आता माज्यापरीस बरी. खसखस ओळखती हातानं. मला नाकानं येत न्हाई."

मी टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"रोज सकाळी आत्याच्या हातावर हे यायचं. आता येत नाही, म्हणून तिने मला सोलापूरहून बोलावलं."

"कशाचा वास हाय?"

"तुमचा."

मामांनी चहाचा पेला खाली ठेवला. टॅबलेट डोळ्यांजवळ नेला; त्यावर तीन रेघा होत्या. मग एकीवर बोट ठेवून म्हणाले, "ही?"

"चौथी. खोबरेल तेल. अकरावी, चुना चोळलेली तंबाखू असावी."

"आन ही बारकी?"

"सातवी. ती कशाशीच जुळत नाही. शेडमधल्या एकूण एक पुडीच्या नोंदीशी ताडून पाहिली."

"डिझेल आसंल," मामा म्हणाले. "आता जायाचं न्हाई ते." त्यांनी सदऱ्याची कॉलर नाकाजवळ नेऊन हुंगून पाहिली आणि काही कळलं नसावं, कारण पुन्हा हुंगली. "तू हो म्होरं. मी येतो."

मी शेडमध्ये परत आले, दार लोटलं, अंगण दिसेल अशी दाराशेजारच्या झरोक्यापाशी बसले आणि टॅबलेट उघडून ठेवला. आत्या दाराकडे पाठ करून धणे भाजत होती. मागची खिडकी उघडी होती, त्यामुळे अंगणातला वारा दाराखालच्या फटीतून आत येत होता. आत्याचं उलथनं मध्येच थांबलं. तिने मागे वळून न बघता पायाने स्टूल ओढलं आणि कढईच्या जवळ आणून ठेवलं.

झरोक्यातून मामा अंगणाच्या फाटकाशी दिसले. मी नोंद केली. अंतर नऊ मीटर, दार बंद. चौथी ०.४१, अकरावी ०.३८, सातवी ०.०६.